दाढी, पाते आणि हलका हात

दोन्ही कडांना धार असलेले दाढीचे पाते म्हणजे सुमारे ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि अवघा ०.१ मिलिमीटर जाड असा पोलादाचा पत्रा. चिमटीत धरून दाबला तर तो लवतो आणि सोडला की सरळ होतो. रेझरच्या झाकणाखाली हाच पत्रा किंचित कमानीत वाकवून आवळला जातो. त्या बाकामुळे त्याला ताठपणा येतो आणि धार दोन्ही बाजूंना केसभर बाहेर राहते. केस कापण्याचे काम ती केसभर धार करते. मूठ, झाकण, खालची पट्टी हे सगळे तिला योग्य जागी आणि योग्य कोनात धरून ठेवण्यासाठी असते.

अशा पात्याने काहींची दाढी गुळगुळीत होते, तर काहींच्या गालाची आग होते, मानेवर लाल ठिपके उठतात आणि दुसऱ्या दिवशी पुटकुळ्या येतात. दोघांच्या घरी एकाच छापाची पाती असू शकतात. दुखण्याचे मूळ बहुधा अर्धवट भिजलेले केस, पाणी कमी पडलेला फेस आणि दाबून चालवलेला हात यांत असते. पाते बदलून पाहणे सोपे, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. हाताची सवय बदलण्याचा विचार सहसा शेवटी येतो, आणि खरा आराम तिथेच मिळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत दाढी म्हणजे वस्तरा. तो रोज चामड्यावर पाजळावा लागे, अधूनमधून दगडावर घासावा लागे, आणि स्वतःच्या गळ्यावर चालवायला चांगला सरावलेला हात लागे. फ्रान्समध्ये जाँ-जाक पेरे याने अठराव्या शतकातच वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आड बसवून पाहिली होती. अमेरिकेत कॅम्फे बंधूंनी १८८० मध्ये मुठीला आडवे पाते बसवलेल्या रेझरचे पेटंट घेतले. पण त्यांचे पातेही जाड होते आणि ते पुन्हापुन्हा पाजळावेच लागे.

किंग कॅम्प जिलेट हा क्राउन कॉर्क अँड सील या बाटल्यांची बुचे बनवणाऱ्या कंपनीचा विक्रेता होता. बाटलीचे पत्र्याचे बूच शोधून काढणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला एक सल्ला दिला होता : लोक वापरून टाकून देतील आणि पुन्हा घ्यायला येतील, असे काहीतरी शोधून काढ. १८९५ मध्ये बोथट झालेल्या वस्तऱ्यापुढे उभा असताना जिलेटला वाटले, पाते पाजळायचेच कशाला? ते इतके पातळ आणि स्वस्त करावे की धार गेली की टाकून देता येईल. कल्पना एका सकाळी सुचली, पण ती प्रत्यक्षात उतरायला पुढे सहा-सात वर्षे गेली. इतक्या पातळ पोलादाला कडक करून धार लावणे त्या काळच्या जाणकारांना अशक्य वाटत होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेल्या विल्यम निकर्सन या अभियंत्याने पत्रा कडक करण्याची रीत आणि धार लावण्याची यंत्रे बसवून दिली, तेव्हा कुठे पाते तयार झाले. वेष्टनावर नाव आणि चेहरा जिलेटचा आला; निकर्सनचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि ही गोष्ट खरोखर अन्यायाची आहे.

१९०१ मध्ये कंपनी स्थापन झाली. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी जिलेटला पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने आपल्या सैनिकांना सुमारे ३५ लाख रेझर दिले. युद्धाहून परतलेल्या त्या पिढीला स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय लागलेली होती. १९३० च्या सुमारास पात्याच्या मधल्या खाचेचा आकार ठरून गेला आणि तो आजतागायत टिकला आहे. त्यामुळे कुठल्याही देशात घेतलेले पाते कुठल्याही कंपनीच्या रेझरात बसते. ग्राहकाच्या दृष्टीने या वस्तूचा सर्वांत मोठा गुण हाच. एका कंपनीच्या मुठीवर फक्त तिचीच पाती बसतील, हा प्रकार पुढे कार्ट्रिजवाल्या, म्हणजे पाती डोक्यातच पक्की बसवलेल्या, रेझरांबरोबर रूढ झाला.

सुरुवातीची पाती साध्या कार्बन पोलादाची असत. त्यांना धार उत्तम येई, पण ती एका रात्रीत गंजत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने स्टेनलेस पोलादाचे, धारेवर निसरडा लेप दिलेले पाते बाजारात आणले आणि एकेका पात्यावर होणाऱ्या दाढ्या एकदम वाढल्या. लेप टेफ्लॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाचा होता. तव्याला पदार्थ चिकटू नये म्हणून जो वापरतात, तोच. आजही बहुतेक सर्व पात्यांच्या धारेवर तो असतो, आणि त्याच्याखाली क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा अतिसूक्ष्म थर असतो. वेष्टनावरचे ‘प्लॅटिनम’ म्हणजे तो थर; पाते मूळचे पोलादाचेच.

१९७१ मध्ये दुपाती कार्ट्रिज आले आणि युरोप-अमेरिकेतून दुधारी पाते हळूहळू मागे हटले. भारतात मात्र ते किराणा दुकानाच्या काउंटरवर कायम राहिले. ठाण्यातल्या विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यात बनणारी ‘सुपरमॅक्स’ पाती अनेक देशांत जात. कोलकात्याच्या मल्होत्रा कुटुंबाची ‘टोपाझ’ आणि जिलेटची ‘सेव्हन ओ’क्लॉक’ ही नावे तर आजोबांपासून नातवांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहेत. जपानमध्ये, चाकू-तलवारींसाठी प्रसिद्ध असलेल्या सेकी गावात ‘फेदर’ची पाती बनतात. ती फार तीक्ष्ण म्हणून ओळखली जातात, आणि नवशिक्याने म्हणूनच तिथून सुरुवात करू नये.

पाते बोथट कसे होते, हे कोडे बरीच वर्षे सुटलेले नव्हते. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ असतो, मग तो पोलाद कसा झिजवतो? २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जानलुका रोशोली आणि जेम तासान यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने केस कापून पाहिले आणि निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. धार एकसारखी गोल होत जाते असे आधी वाटे. प्रत्यक्षात तिचे बारीक टवके उडतात, तेही विशिष्ट परिस्थितीत : केस वाकून पात्याला तिरपा भिडतो तेव्हा, आणि पोलादाची अंतर्गत रचना जिथे एकसारखी नसते नेमक्या त्या ठिकाणी. एक टवका उडाला की शेजारचे उडणे सोपे होते. म्हणूनच पाते काही दाढ्यांपर्यंत छान चालते आणि मग अचानक केस ओढू लागते.

आता रेझर. सर्वांत साधा तीन तुकड्यांचा : वरचे झाकण, मधली तबकडी आणि मूठ. झाकणाच्या खुंट्यांवर पाते ठेवायचे, त्यावर तबकडी, आणि मूठ आवळायची. पाते बसवताना ते आखूड कडांना धरावे; लांब कडांना धार असते. मूठ फिरवली की वरची दोन दारे उघडणारे रेझरही मिळतात. ते सोयीचे, पण त्यांच्या सांध्यांत साबण अडकतो. दोन्हींत पाहायचे एकच : पाते आवळल्यावर दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर दिसते का. एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी असेल तर एक गाल दुखतो, दुसरा गुळगुळीत होतच नाही, आणि दोष विनाकारण पात्याच्या माथी जातो. अशा वेळी मूठ सैल करून, झाकण आणि तबकडी बोटांनी एकत्र दाबून पुन्हा आवळावी. मूठ सैल राहिली तर पाते थरथरते आणि गालावर खरवडल्यासारखे लागते.

रेझर ‘सौम्य’ किंवा ‘जहाल’ ठरतो तो धार झाकणाबाहेर किती येते आणि धार व तिच्या खालची तबकडीची पट्टी यांच्यात किती फट असते यावर. पहिला रेझर सौम्य घ्यावा आणि जरा वजनदार घ्यावा. प्लॅस्टिकच्या हलक्या रेझरला नकळत दाब द्यावासा वाटतो. पितळेचा किंवा स्टीलचा रेझर स्वतःच्या वजनाने काम करतो.

दाढीचा केस डोक्याच्या केसापेक्षा सहसा जाड असतो आणि दिवसाला सुमारे पाव ते अर्धा मिलिमीटर वाढतो. दाढी केल्याने तो जाड किंवा दाट होतो ही समजूत घराघरांत आहे, आणि मिसरूड फुटलेल्या मुलांना तीच सांगून थांबवले जाते. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञाने १९२८ मध्ये केसांची मापे घेऊन ती खोटी ठरवली. कापलेल्या केसाचे टोक निमुळते न राहता बोथट होते, म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढेच.

केस केराटिन या प्रथिनाचा असतो. कोरडा असताना तो कडक असतो; पाणी आत शिरले की प्रथिनांच्या साखळ्यांना एकत्र धरणारे दुवे सैल होतात, केस फुगतो आणि बराच कमी जोर लावून कापला जातो. यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात, आणि ती दोन-तीन मिनिटेच घाईत वगळली जातात. तोंडावर पाण्याचा एक हबका मारून लगेच ब्रश फिरवला तर केसाच्या वरचे तेलही निघालेले नसते. सर्वांत उत्तम वेळ आंघोळीनंतरची. ते जमत नसेल तर चेहरा साबणाने धुऊन, कोमट पाण्यात भिजवून पिळलेला पंचा दोन मिनिटे दाढीवर धरावा. पाणी फार कढत नको, त्याने कातडी कोरडी पडते. काही जण आधी खोबरेल तेल चोळतात. कातडीला ते बरे वाटते, पण तेलाने फेस बसतो, तेव्हा लावायचेच तर अगदी बोटभर.

फेसाचे काम दुहेरी आहे : केसाभोवती पाणी धरून ठेवणे आणि धार व कातडी यांच्यामध्ये निसरडा थर राखणे. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचा पोटॅशियम साबण मुख्य असतो. अंगाच्या साबणात सोडियमचा. पोटॅशियमचा साबण जास्त मऊ, पाण्यात लवकर मिसळणारा, आणि त्याचा फेस दाट व टिकाऊ. अंगाच्या वडीचा फेस भरपूर दिसला तरी मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि गाल अर्धा होईपर्यंत सुकतो. घाईत अंगाच्या साबणाने केलेली दाढी झोंबते ती यामुळे.

फेस असा करावा. ब्रश मिनिटभर पाण्यात भिजू द्यावा, मग एकदाच झटकावा. साबणाच्या वडीवर तो अर्धा मिनिट गोल फिरवावा. क्रीम असेल तर वाटाण्याएवढे पुरते. ब्रशवर चिकट लुकण जमले की तो चेहऱ्यावर किंवा वाटीत फिरवायला लागावे आणि मध्येमध्ये ब्रशचे टोक पाण्यात नुसते बुडवून घ्यावे. सुरुवातीला फेस निस्तेज आणि कोरडा दिसतो. तीन-चारदा पाणी मिळाल्यावर बुडबुडे दिसेनासे होतात आणि फेटलेल्या सायीसारखा ओला, चकाकणारा थर तयार होतो. दोन बोटांत घेऊन चोळला तर बोटे घसरली पाहिजेत. चिकटत असतील तर पाणी कमी आहे. ओघळ येत असेल तर जास्त झाले. ब्रश आधी गोल आणि शेवटी वर-खाली फिरवावा, म्हणजे आडवे पडलेले केस उभे राहतात. डब्यातून फसफसून येणाऱ्या तयार फेसात हवा जास्त आणि पाणी कमी असते. तोच वापरायचा असेल तर गाल भरपूर ओला करून, बोटांनी चोळून लावावा.

पाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी खरा आहे. बोअरवेलच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका बनवतात. फेस होता होता बसतो, आणि तो साका कातडीवर आणि रेझरच्या फटीत जमतो. साबण वाढवून थोडा उपयोग होतो, पण सोपा उपाय पाणीच बदलण्याचा. फेसाला कपभरही पाणी लागत नाही. तेवढे आरओ यंत्रातून गाळलेल्या पिण्याच्या पाण्यातून, किंवा पावसाळ्यात पागोळीच्या पाण्यातून घ्यावे.

ब्रश रानडुकराच्या राठ केसांचा, बिज्जूच्या मऊ केसांचा किंवा कृत्रिम धाग्यांचा असतो. कृत्रिम धाग्यांचे आताचे ब्रश चांगले असतात आणि लवकर वाळतात. दमट हवेत ही मोठीच सोय. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे सैनिकांना आणि इतरांनाही अँथ्रॅक्स झाल्याची नोंद आहे. जनावरांच्या केसांवर प्रक्रिया करण्याचे नियम त्यानंतर कडक झाले.

आता हात. झाकणाचा माथा गालावर सपाट टेकवावा. या स्थितीत धार कातडीला लागतच नाही. मग मूठ हळूहळू खाली आणावी. धार जिथे पहिल्यांदा टेकेल, तो कोन. पाते आणि कातडी यांच्यात तो साधारण ३० अंशांचा भरतो. मूठ याहून खाली गेली तर पाते कापण्याऐवजी खरवडू लागते. कार्ट्रिजचे डोके स्वतःच वळून कोन साधते, म्हणून त्याची सवय असलेल्याला पहिल्या आठवड्यात मनगट जाणीवपूर्वक वळवावे लागते. कोन बरोबर असला की केस कापला जाताना बारीक, एकसारखी खरखर ऐकू येते. नळ बंद ठेवून ती ऐकावी. जिथे आवाज बदलतो तिथे हनुवटीचा किंवा जबड्याचा उतार आलेला असतो आणि कोन सुटलेला असतो.

दाब द्यायचाच नाही. मूठ टोकाकडे, बोटांच्या चिमटीत धरावी. मुठीत आवळू नये. कार्ट्रिजमध्ये तीन-चार पाती दाब वाटून घेतात आणि भोवतालचे रबर कातडी मागे ढकलते. इथे एकच धार असते आणि दाबले की कातडी तिच्यासमोर फुगून वर येते. ती फुगलेली कातडी सोलली जाते, आणि जळजळ होते ती हीच. एकावेळी दोन-तीन सेंटिमीटरचा छोटा हात मारावा, दुसऱ्या हाताने कातडी मागे ताणून धरावी, आणि दोन-तीन हातांनंतर रेझर उलटवून दुसरी धार घ्यावी. दोन्ही बाजू भरल्या की पाण्यात हलवून धुवावे. फेस पुसला गेलेल्या जागेवरून पुन्हा पाते फिरवू नये. राहिलेला एखादा खुंट तसाच राहू द्यावा, तो पुढच्या फेरीत निघतो. हे पाळणे सर्वांत अवघड जाते.

फेऱ्या म्हणजे पूर्ण दाढीवरून पुन्हा फेस लावून पाते फिरवणे. त्यासाठी केस कुठल्या दिशेने वाढतात ते आधी ओळखावे लागते. दोन दिवस वाढलेल्या दाढीवरून बोट फिरवले की ज्या बाजूने मऊ लागते ती सुलटी आणि खुपते ती उलटी. गालावर केस बहुतेकांचे वरून खाली येतात. मानेवर मात्र प्रत्येकाचा नकाशा वेगळा : कोणाचे कानाकडे जातात, कोणाचे खालून वर चढतात, कोणाला घाटीच्या बाजूला भोवराच असतो. मानेवर नेमाने पुटकुळ्या येणारे बहुतेक जण वरून खाली पाते फिरवतात आणि त्यांना वाटते की ते सुलटे आहे. केस तिथे खालून वर वाढत असतात, आणि पहिलाच हात नकळत उलटा बसतो.

पहिली फेरी सुलटी. तिच्यात गुळगुळीतपणाचा आग्रह नसावा. केस आखूड झाले की काम झाले. दुसरी आडवी, म्हणजे केसांना काटकोनात. रोज दाढी करणाऱ्याला इथे थांबले तरी पुरते. तिसरी, उलटी फेरी केवळ कातडीला सोसत असेल तरच, आणि मानेवर ती टाळलेलीच बरी. पहिल्याच फेरीत उलटा हात मारला की लांब, ताठ केस पात्याला अडतो, वाकतो आणि मुळापासून ओढला जातो. वर सांगितलेल्या टवक्यांचे कारणही हेच वाकणे, म्हणजे कातडी आणि धार दोन्ही एकदमच खराब होतात.

काही जागा खास लक्ष मागतात. वरच्या ओठासाठी ओठ दातांवर खाली ओढून घ्यावा आणि नाकाखाली रेझरचा कोपरा येईल असा धरावा. हनुवटीवर केस सर्वांत दाट असतात, म्हणून ती शेवटी घ्यावी, तेवढाच वेळ ती भिजते. घाटीवरून सरळ जाऊ नये. आवंढा गिळावा किंवा कातडी बोटाने बाजूला सरकवून सपाट जागी आणावी. तीळ किंवा उठलेली पुळी वळसा घालून सोडावी.

झाल्यावर चेहरा गार पाण्याने धुवावा आणि तुरटीचा ओला खडा फिरवावा. सलूनमधला हा जुना उपाय शास्त्रालाही धरून आहे. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे हे सल्फेट प्रथिने गोठवते आणि पेशीजाल आकसवते, त्यामुळे बारीक कापांचे रक्त थांबते. तुरटी आणखी एक गोष्ट सांगते : जिथे ती झोंबते, तिथे पाते जास्त वेळा किंवा जास्त दाबून फिरले. आठवडाभर त्या जागा लक्षात ठेवल्या तर स्वतःच्या हातातली चूक नेमकी सापडते. अर्ध्या मिनिटाने तुरटी धुऊन टाकावी, नाहीतर कातडी ओढल्यासारखी होते. अल्कोहोलवाल्या आफ्टरशेव्हने दाह होत असेल तर ग्लिसरिन असलेले साधे क्रीम पुरेसे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि ज्यांच्या जखमा लवकर भरत नाहीत अशा मधुमेहींनी दुसऱ्या फेरीपलीकडे जाऊ नये.

कुरळ्या केसांच्या माणसांना वेगळा त्रास असतो. खूप खोलवर कापलेला केस वाढताना वळून परत कातडीत शिरतो आणि तिथे गाठ येते, कधी पूही होतो. एकामागून एक धावणाऱ्या अनेक पात्यांत पहिले पाते केस वर ओढते आणि मागचे तो कातडीच्या पातळीखाली कापते, म्हणून अशा पात्यांनी हा त्रास वाढतो. एका धारेने, फक्त सुलट्या फेरीत केलेली दाढी अशांना बहुधा मानवते. गाठी उठलेल्या असताना काही दिवस दाढी वाढू द्यावी, आणि नखाने केस उकरू नये.

एक पाते किती दाढ्या चालते याला नियम नाही. सर्वसाधारण केसांना तीन ते सहा. ओढल्यासारखे वाटले की त्याच क्षणी बदलावे. काही रुपयांच्या पात्यासाठी गाल सोलून घेण्यात शहाणपण नाही. नव्या छापाचे पाते पारखताना साबण आणि रेझर तोच ठेवावा, नाहीतर कशामुळे बरे वाटले ते कळत नाही. काही पाती पहिल्या दाढीला जरा बोचतात आणि दुसऱ्या दाढीपासून मऊ होतात, तेव्हा एकाच दाढीवर निकाल देऊ नये. वापरल्यावर रेझर वाहत्या पाण्याखाली धुऊन झटकावा आणि हवेशीर जागी उभा ठेवावा. पंचाने धार पुसू नये. लेप निघतो, धार मुडपते आणि बोट कापते ते वेगळेच. कोकणात पावसाळ्यात स्टेनलेस पात्याच्या धारेवरही गंजाचे ठिपके येतात. तिथे न्हाणीघराबाहेर कोरड्या कोनाड्यात रेझर ठेवणे हा एकच उपाय.

सलूनमध्ये आता जुना वस्तरा जवळजवळ उरलेला नाही. त्याच्या जागी तशाच आकाराची मूठ असते आणि तिच्यात दुधारी पात्याचा अर्धा तुकडा बसतो. कारागीर पाते कागदातून काढतच नाही. कागदासकट लांबीत दुमडतो, कट् आवाज होतो, अर्धे पाते खाचेत सरकवतो आणि उरलेले अर्धे कागदात गुंडाळून पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. ‘हेपॅटायटिस बी’, ‘हेपॅटायटिस सी’ आणि एचआयव्ही रक्तातून पसरत असल्याने प्रत्येक दाढीला नवे अर्धे पाते ही किमान अट आहे. ते आपल्या डोळ्यांसमोर नवे बसवले जाते की नाही हे गिऱ्हाइकाने पाहावे आणि न संकोचता विचारावे. हाच धडा घरालाही लागू : बापलेक असोत किंवा भाऊभाऊ, रेझर आणि पाते ज्याचे त्याचे.

जुन्या पात्याचे काय करायचे, हा प्रश्न अमेरिकेत एकेकाळी विचित्र रीतीने सोडवला होता. न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटाच्या मागे एक फट असे, तिच्यातून पाते थेट भिंतीच्या पोकळीत पडे. जुनी घरे पाडताना तिथे आजही पात्यांचे ढीग सापडतात. आपल्याकडे पाते कागदात गुंडाळून कचऱ्यात जाते आणि घंटागाडीवरच्या किंवा कचरा निवडणाऱ्या माणसाचा हात कापते. यासाठी पत्र्याच्या जुन्या डब्याच्या झाकणाला पात्याएवढी फट पाडावी, झाकण चिकटपट्टीने पक्के बंद करावे आणि प्रत्येक पाते त्यातून आत टाकावे. लहान डबाही कित्येक वर्षे पुरतो. भरला की त्यावर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहून तो इतर कचऱ्यात न मिसळता कचरा नेणाऱ्याच्या हाती वेगळा द्यावा, आणि आत काय आहे ते सांगावे.